अर्जावरचं पहिलं नाव

बोरडोह, ता. पातूर
२२ नोव्हेंबर २०२४

सूर्यभान,

जय भीम अन् रामराम, दोन्ही घे.

फोन करू नको. तीस वर्षं एसटीच्या इंजिनाशेजारी बसून कान गेले, समोरचं माणूस मोठ्यानं बोललं तं ऐकू येते, पण कानातलं यंत्र फोनले लागलं की नुसती शिट्टी वाजते. म्हणून पत्रच लिहून राहिलो.

परवा मतदान झालं. सकाळच्या गाडीवर तुले घ्याले गेलो, तू नाही. दुपारच्या गाडीलेबी नाही. म्हटलं, याचा गुडघा धरला असन.

पण खरी गोष्ट वेगळीच. अकराच्या सुमारास बडनेऱ्याकडून जीप आली. वीटभट्टीवरचे आपले लोक. दिवाळी झाली की जातात, मे महिन्यात येतात, तुले माहीतच आहे. तेवीस जण मताले आले, रोज बुडवून. सुंदराबाई पुढं. नवं लुगडं नेसली होती. केंद्रावरच्या माणसानं यादी वरून खाली पाहिली अन् म्हणे, "आजी, तुमचं नाव नाही."

तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून कार्ड काढलं. "हे काय आहे मंग?"

"कार्ड बरोबर आहे. पण यादीत नाव पाहिजे. स्थलांतरित म्हणून कमी झालं."

"मी तं तुमच्यापुढं उभी आहो ना बाप्पा!"

तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या हातात काही नव्हतं. एकामागून एक तेवीसही जण परत फिरले. सुंदराबाई शाळेच्या पायरीवर बसली. रडली नाही. पदरानं कार्ड पुसत राहिली.

मंग मी ती यादी मागितली अन् तुझं नाव पाहिलं. सूर्यभान किसन राऊत, कुठंच नाही. गड्या, तुझंबी उडवलं! चाळीस-पंचेचाळीस वर्षं मत देणारा माणूस, घर आहे, वावर आहे, अन् नाव गायब. आपली अंगणवाडीची माया यादीचं काम पाहते. तिनं घरी बसल्या काट मारल्या असतील.

मी सोडणार नाही. अर्ज करतो. तुझं म्हणणं लवकर कळव.

धर्मपाल


अमरावती
२८ नोव्हेंबर २०२४

धर्मपाल,

जय भीम.

तुझं पत्र मिळालं. दोन दिवस काय लिहावं सुचलं नाही. त्या दिवशी मले ताप होता म्हणून येणं झालं नाही. आता बरा आहो.

सुंदराबाईचं वाचून लय वाईट वाटलं. तिच्यासारखी बाई, कार्ड असं जपून ठेवणारी. त्या लोकाईचं काम तू कर, तूच करू शकतो.

माझ्या नावाचं काय झालं ते मले काही माहीत नाही. माझं जाऊ दे. मी म्हातारा माणूस, गुडघ्याच्या दवाखान्यापायी इकडं पोराजवळ राहून राहिलो. आज आहे, उद्या नाही. भट्टीवाल्याईचं पाहा, तेच मोठं.

मनोजनं गच्चीवर कुंड्यांत वांगी लावून दिली मले. नात खुशी रोज पाणी घालते. एवढ्याशा मातीत वांग्याले काय वाटत असन, असं मनात येते.

वहिनीले नमस्कार सांगजो.

सूर्यभान


बोरडोह
४ डिसेंबर २०२४

सूर्यभान,

"माझं जाऊ दे" म्हणे! कसं जाऊ देऊ?

तू विसरला असशील, मी नाही विसरलो. १९८० साली माझं पहिलं मत. रांगेत उभा राहून आत गेलो तं माझं मत आधीच कोणीतरी टाकून गेलं होतं. मी मान खाली घालून परत निघालो. आमच्या वस्तीतल्या माणसानं आवाज करावा असे ते दिवस नव्हते. तू माझ्या मागं होता. तू ओरडला, "याचं मत कोणी टाकलं ते सांगा, तोवर मीबी टाकत नाही." अन् नाहीच टाकलं तू. अशा वेळी वेगळी मतपत्रिका मागता येते, हे मले वीस वर्षांनी कळलं. तेव्हा आपल्याले कोण सांगते?

आता कामाचं ऐक. मी तहसीलमध्ये यादीच्या साहेबाले भेटलो. भट्टीवाल्याईचं नाव काढलं की तो म्हणते, "हे लोक फिरते. राहतात कुठं तेच नक्की नाही." पण तुझं तसं म्हणता येत नाही. गावात पक्कं घर, सातबाऱ्यावर नाव. दवाखान्यासाठी पोराकडं गेलेला माणूस म्हणजे गाव सोडलेला माणूस नव्हे. म्हणून अर्जावर तुझं नाव पहिलं टाकलं. तुझं खरं ठरलं की मागच्या तेवीस जणांचं आपोआप उभं राहीन.

सोबत प्रतिज्ञापत्र पाठवतो. दोनच वाक्यं आहेत. "माझे नाव कमी करण्यासाठी अथवा हलवण्यासाठी मी कोणताही अर्ज केलेला नाही. याबाबत माझ्याकडे कोणीही चौकशी केलेली नाही." वाच, सही कर, पाठव. शाईची सही पाहिजे, मोबाईलचा फोटो चालत नाही.

धर्मपाल


अमरावती
९ डिसेंबर २०२४

धर्मपाल,

कागद मिळाला. सही करून सोबत पाठवून राहिलो. सही नीट आली नाही. चालली तं पाहा.

सूर्यभान


बोरडोह
२७ डिसेंबर २०२४

सूर्यभान,

सुनावणी झाली, अन् मी म्हटलं तसंच झालं!

पातूरले तहसीलमध्ये गर्दी होती. भट्टीवरून सहा जण आले होते, सुंदराबाई, तिचा पोरगा पिंटू, नात पिंकी अन् आणखी तिघं. साहेबानं पहिला तुझाच कागद हातात घेतला अन् मोठ्यानं वाचला. मंग मायाले विचारलं, "हे गृहस्थ म्हणतात अर्ज केला नाही, चौकशी झाली नाही. तुमचं काय म्हणणं आहे?"

ती म्हणे, "साहेब, ऑनलाइन अर्ज आला होता."

"तुम्ही त्यांच्याशी बोललात?"

तिनं मान खाली घातली. झालं! साहेबानं तिच्याकडून यादीचं काम काढलं, नोटीसबी दिली. अंगणवाडीवर राहते की नाही तेबी आता सांगता येत नाही. बाकीच्या तेवीस जणांचा विचार रेकॉर्ड पाहून करतो म्हणे. पहिल्यांदा त्यानं सुंदराबाईले बसाले खुर्ची दिली.

संध्याकाळी माया माझ्या घरी आली. उभ्या उभ्याच म्हणे, "काका, सूर्यभानकाकांना विचारा." तेवढंच. मी म्हटलं, "बाई, त्याची सही मी पाहिली, तू घरी जा." गेली. तिच्या पोराची परीक्षा आहे म्हणतात. खरं सांगू, मले थोडं वाईटच वाटलं. पण काम न करता लोकाईची नावं उडवाची, तं भोगावं लागते.

तुझ्या एका सहीनं किती काम झालं पाहा.

धर्मपाल


बोरडोह
३ जानेवारी २०२५

आदरणीय सूर्यभानकाका,

सप्रेम नमस्कार. मी माया, तुमच्या गावची अंगणवाडी सेविका. तुमचा पत्ता तुमच्याच अर्जावरून घेतला.

काका, मी भांडायला लिहीत नाही. फक्त आठवण करून देते. पोळ्याच्या आधी तुमचं नाव अमरावतीच्या यादीत न्यायचा अर्ज आला. तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, "हो बाई, माझाच अर्ज आहे. पण धर्मपालले सांगू नको. मी सांगीन त्याले."

मी नाही सांगितलं. सुनावणीत साहेबांनी विचारलं तेव्हा धर्मपालकाका समोरच बसले होते. तुम्ही अजून त्यांना सांगितलं नसणार हे मला कळलं. तुमचा शब्द मोडावा की नाही, याचा विचार करेपर्यंत साहेब पुढे गेले होते.

आणखी एक. भट्टीवाल्यांची घरं उन्हाळ्यातल्या पाहणीत बंद होती. मी वहीत प्रत्येक घरापुढे लिहिलं होतं, "कामासाठी बाहेर, दरवर्षी मे महिन्यात परत येतात." ते वर कोणी वाचलं नाही. नोटिसा कुलूपबंद दारांना लावून टाकल्या. त्यांची नावं खरोखर अन्यायानं गेली आहेत. त्यांची बाजू मी सांगू शकले असते, पण आता माझं कोणी ऐकत नाही.

तुमची प्रकृती जपा.

आपली,
माया


अमरावती
८ जानेवारी २०२५

धर्मपाल,

हे पत्र बसून वाच.

माझं नाव कोणी उडवलं नाही. मीच हलवलं. जुलै महिन्यात मनोज म्हणे, "बाबा, आता तुमाले इथंच राहाचं आहे, नाव इकडं घेऊ का?" मी म्हटलं, घे. त्यानं मोबाईलवर भरलं. मायाचा फोन आला, तिलेबी मी हो म्हटलं. अन् तुले सांगू नको असंही म्हटलं.

नाव हलवणं गुन्हा नाही, हे मले समजते. पण गाव सोडताना तू जीपपाशी येऊन म्हटलं होतं, "घराले कुलूप लाव, पण नाव हलवू नको. नाव आहे तोवर तू इथला." ते माझ्या कानात होतं. तुले कसं सांगू, परत येणं आता होत नाही म्हणून? आज सांगतो, उद्या सांगतो, असं करत दिवाळी गेली.

अन् ताप नव्हता मले. वीस तारखेले खुशीनं मले रिक्षात घालून इथल्या शाळेत नेलं. म्हाताऱ्याईसाठी खुर्च्या होत्या, वर पंखा होता. दहा मिनिटांत मत टाकून बाहेर आलो. कोपऱ्यावर पोहे खाल्ले. तू गाडीवर माझी वाट पाहत होता, सुंदराबाई पायरीवर बसली होती, तेव्हा मी पोहे खात होतो.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच लिहिलं असतं तं एवढं झालं नसतं. तू समजला की माझ्यावर अन्याय झाला, अन् मले ते बरं वाटलं. हे लिहाची लाज वाटते, पण खरं आहे. गावानं अजून मले आपला समजावं, कोणीतरी माझ्यासाठी भांडावं, असं वाटलं. तू १९८० चं लिहिलं तेव्हा तं माझी हिंमतच गेली. १९८० साली ओरडलेल्या त्या पोराच्या नावानं सही मागितली तू, अन् मी या म्हाताऱ्याच्या हातानं खोटी केली. न वाचता केली असंबी नाही. दोनदा वाचून केली.

मायाचं पत्र आलं. त्या बाईनं माझं झाकलं अन् मी तिची नोकरी घालवली.

हे मी पकडल्या जाईन म्हणून लिहून राहिलो की खरंच पस्तावा झाला म्हणून, तेबी मले धड सांगता येत नाही. तू म्हणशील ते करतो.

सूर्यभान


अमरावती
२ फेब्रुवारी २०२५

धर्मपाल,

तुझं उत्तर आलं नाही. येईन असं धरूनबी नव्हतो.

वीस जानेवारीले मी पातूरले गेलो. मनोज नको म्हणत होता. म्हणे, "बाबा, खोटं प्रतिज्ञापत्र म्हणजे केस होऊ शकते." मी म्हटलं, होऊ दे. साहेबाले सगळं सांगितलं. त्यानं लेखी घेतलं, मायाबाईची यात काही चूक नाही हेबी लिहून घेतलं. माझं पुढं काय करतील ते सांगितलं नाही, कळवू म्हणे.

मंग मी तेवीस जणांचं विचारलं. तो म्हणे, "पहिल्या अर्जदाराचंच खोटं निघालं. एकत्रित अर्ज फेटाळावा लागेल."

मी म्हटलं, "साहेब, खोटा मी आहो. ते लोक खरे आहेत."

"असतील. त्यांनी ज्याचे त्याने नवीन फॉर्म भरावेत. फोटो, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा."

म्हणजे तू जे मागत होता, चूक सरकारी कचेरीची आहे हे कचेरीनं कबूल करावं, ते माझ्यामुळं गेलं.

तिथून बोरडोहले आलो. तू ओट्यावर बसला होता. मले पाहिलं अन् आत जाऊन दार लावलं. मी थोडा वेळ उभा राहिलो. वहिनी खिडकीत आली अन् परत गेली. मंग मायाच्या घरी गेलो. तिनं पाणी दिलं. मी बोललो, ती ऐकत राहिली. शेवटी म्हणे, "काका, शेवटची गाडी निघून जाईल."

मी आणखी काय करू ते सांग. नाही सांगितलं तरी समजतो.

सूर्यभान


बोरडोह
१४ फेब्रुवारी २०२५

सूर्यभान,

दोन्ही पत्रं वाचली. दार लावलं ते बरोबरच केलं असं मले अजूनबी वाटते.

तू नाव हलवलं याचा राग नाही. माणूस जिथं राहते तिथं मत देते. मी जीपपाशी काय बोललो ते मले आठवतसुद्धा नाही. माणूस जातेवेळी काहीही बोलते. त्याच्यावर तू एवढं खोटं रचलं? राग याचा की आमचे लोक खोटे, फिरते, असं जे म्हणतात त्याईच्या हातात तू कागद देला. परवा चावडीवर एक जण मले म्हणे, "काय धर्मपालभाऊ, तुमच्या अर्जात आणखी किती खोटे?" मले ऐकू येत नाही असं दाखवून मी निघून आलो. बहिऱ्याले तेवढा फायदा आहे.

आता माझं. तुझं नाव पहिलं कोणी टाकलं? मी. सुंदराबाई कार्ड घेऊन उभी असताना, तिचं खरं पटवाले मले एका पक्क्या घराच्या माणसाची गरज वाटली. आयुष्यभर ज्याच्यावर मी चिडत आलो तेच मी केलं. तिचं नाव पहिलं टाकलं असतं तं अर्ज टिकला असता. हे मले तुझ्या खोट्यापेक्षा जास्त टोचून राहिलं.

मायाची नोटीस मागं घेतली. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. ती म्हणे, "माफी राहू द्या, फॉर्म भरायचे आहेत." यादीचं काम तिले परत मिळालं. येत्या रविवारनंतरच्या रविवारी, तेवीस तारखेले, ती बडनेऱ्याजवळच्या भट्टीवर जाणार आहे. तुझ्या घरापासून ते जवळ पडते. तुझं अक्षर चांगलं आहे. जाजो.

त्या लोकाईले तुझं मी काही सांगितलं नाही. ते तू सांगजो.

धर्मपाल


अमरावती
२५ फेब्रुवारी २०२५

धर्मपाल,

जय भीम.

रविवारी गेलो होतो. मनोजनं स्कूटरवर सोडलं. माया आधीच पोहोचली होती, विटांच्या थप्पीजवळ चटई टाकून बसली होती. मी तिच्या बाजूला बसलो. ती नावं विचारे, मी लिहू. फोटोसाठी तिनं पांढरी चादर आणली होती, पिंटू ती मागं धरून उभा राहे.

सुरू कराच्या आधी मी उभा राहिलो अन् सगळ्याईले सांगितलं. पहिलं नाव माझं होतं, ते खोटं होतं, म्हणून तुमचा अर्ज गेला. एक जण उठून कामावर निघून गेला. पिंटू म्हणे, "म्हणजे आमी दोनदा रोज बुडवून आलो ते तुमच्यापायी?" मी म्हटलं, "मताच्या दिवशीचं नाही, पण सुनावणीचं माझ्यापायी." तो म्हणे, "मंग लिहा आता. चुकवू नका."

पत्त्याच्या रकान्यापाशी अडलं. भट्टीचा मुनीम आला होता, तो म्हणे, "इथलाच टाका ना, सहा महिने तं इथं असता." सुंदराबाई म्हणे, "सहा महिने विटा इथं थापतो. घर बोरडोहले आहे." मायानं सांगितलं, आधारवर बोरडोहच आहे, तेच टाकाचं. पिंकीले अठरा झाली, तिचाबी नवीन फॉर्म भरला. तिनं सही स्वतः केली, आजीनं अंगठा दिला.

तेवीसपैकी एकोणीस झाले. निघून गेलेला तो संध्याकाळी परत आला अन् अंगठा देऊन गेला, तो धरून वीस. तिघं दुसऱ्या भट्टीवर गेले आहेत, वलगावच्या रस्त्यानं. या आठवड्यात मी अन् मनोज त्याईले शोधाले जातो.

आता एक गोष्ट. सगळे गेल्यावर सुंदराबाई माझ्याजवळ बसली. शिवी देईन असं वाटलं. दिली असती तं बरं झालं असतं. ती म्हणे, "भाऊ, पातूरले साहेबापुढं मी तुमच्यासाठी बोलली होती."

मी विचारलं, "काय बोलली, बाई?"

"म्हटलं, आमचं राहू द्या साहेब, आमाले सवय आहे. पण त्या म्हाताऱ्या माणसाचं नाव आज घ्या. आयुष्यभर मत देलं त्यानं, त्याच्या जिवाले लागलं असन."

मंग ती उठली अन् चुलीकडं गेली. मले चहा आणून देला.

धर्मपाल, हे तू मले पत्रात लिहिलं नव्हतं. तू तं तिथंच समोर बसला होता. साहेबाची खुर्ची लिहिली, मायाची मान लिहिली, हे काहून नाही लिहिलं? आधी मले वाटलं, ऐकू आलं नसन तुले. मंग वाटलं, ऐकू आलं असन, तिले मागं ठेवल्याचं टोचलं असन, अन् म्हणूनच लिहिलं नसन.

तो चहा मी प्यालो. कप विसळून चुलीजवळ ठेवला. तिच्याकडं पाहणं मात्र मले झालं नाही.

तिघं सापडले की कळवतो.

सूर्यभान